रात्रपाळीच्या मावशींना कोण शिकवणार?

रुग्णालयात भरती असलेल्या डिमेन्शियाच्या एखाद्या रुग्णाचे चोवीस तास कागदावर मांडून पाहा. मोठे डॉक्टर राउंडला येतात, पाच-सात मिनिटं थांबतात. निवासी डॉक्टर दोन-तीनदा डोकावतात. औषधं, इंजेक्शन, बीपी आणि नोंदी धरून सिस्टरांचा तासभर जातो. फिजिओथेरपिस्ट पंधरा-वीस मिनिटं देतात. उरलेला सगळा वेळ म्हणजे स्पंजिंग, कपडे, चादरी, बेडपॅन, भरवणं आणि मध्यरात्री उठून बसलेल्या माणसाला परत झोपवणं. हे सगळं मावशींकडे, वॉर्डबॉय मामांकडे आणि घरच्या माणसाकडे. आता दुसरा हिशेब मांडा. डिमेन्शियाचं प्रशिक्षण कुणाला मिळतं? डॉक्टरांना परिषदा, सिस्टरांना अधूनमधून एखादं व्याख्यान, मावशींना काहीच नाही. दोन्ही हिशेब एकमेकांच्या बरोब्बर उलटे निघतात.

मी पेशाने नर्सिंगची ट्यूटर. निवृत्त झाल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातली रुग्णालयं, वृद्धाश्रम आणि घरोघरी माणसं पुरवणारे ब्युरो यांच्यासाठी डिमेन्शियाच्या शुश्रूषेचे वर्ग घेऊ लागले. वर्गाला डॉक्टर येतात, सिस्टर-ब्रदर येतात, फिजिओ येतात, आणि आग्रह धरला तर मावशी-मामाही येतात. तो आग्रह मी धरतेच. रुग्णाच्या उशाशी कोण किती वेळ असतं ते पाहून प्रशिक्षणाचे तास वाटावेत, हुद्दा पाहून वाटू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

गरज लहानसहान नाही. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. आपल्याकडे याला म्हातारचळ म्हणून सोडून देण्याची रीत आहे. प्रत्यक्षात मेंदूच्या निरनिराळ्या आजारांतून येणारी ही अवस्था आहे. त्यांत अल्झायमर सर्वांत जास्त आढळतो. त्याखेरीज मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा व्हॅस्क्युलर, लुई बॉडी, फ्रंटोटेम्पोरल असे इतर प्रकार. विसरणं हा त्यातला एक भाग झाला. शब्द न सापडणं, वेळेचं-जागेचं भान जाणं, सदऱ्याची बाही कुठली ते न कळणं, भास होणं, स्वभाव पालटणं हेही त्यातच येतं.

असा रुग्ण भरती होतो तो बहुधा दुसऱ्याच कारणाने. खुब्याचं हाड मोडतं, न्यूमोनिया होतो, साखर वाढते. त्यामुळे हा विषय मानसोपचार विभागापुरता ठेवून भागत नाही. अस्थिरोग वॉर्ड, मेडिसिन, आयसीयू, कॅज्युअल्टी इथल्या सगळ्यांना तो यायला हवा. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात तो मानसिक आरोग्याच्या पेपरात एखाद्या घटकात येतो. ‘डिलिरियम आणि डिमेन्शिया यांतील फरक लिहा’ असा प्रश्न पडतो, मुली सुंदर तक्ता काढतात, पूर्ण गुण घेतात. वॉर्डात मात्र तोच फरक समोर उभा राहतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही.

‘काल बरे होते’

म्हणून माझा वर्ग तिथूनच सुरू होतो. डिमेन्शिया महिन्या-वर्षांच्या चालीने येतो. डिलिरियम, ज्याला घरोघरी ‘वात झाला’ म्हणतात, तो तासा-दिवसांत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि त्यामागे बहुतेक वेळा शरीरातलं काहीतरी बिघडलेलं असतं. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, शौचाला खडा होणं, नवं औषध, न सांगता येणारी वेदना. कधी चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र ‘हरवू नये म्हणून’ घरी नेलेलं असतं, त्याचीही भर पडते. डिमेन्शिया असलेल्या माणसाला डिलिरियम लवकर होतो, आणि ‘त्यांचं असंच असतं’ म्हणून तो निसटतोही लवकर. बडबड करणारा, नळ्या ओढणारा रुग्ण निदान नजरेत तरी येतो. जो गप्प पडून राहतो, झोपाळल्यासारखा होतो, त्याच्याबद्दल ‘आज शांत आहेत’ असं कौतुकाने सांगितलं जातं. तोही डिलिरियमच असू शकतो.

हा बदल सर्वांत आधी कुणाला दिसतो? रात्रपाळीच्या मावशींना. कालपर्यंत भांडं मागणारे आजोबा आज अंथरूण ओलं करतात, हे चादर बदलणारीला कळतं. पण सकाळी पाळी बदलतानाच्या ‘ओव्हर’मध्ये मावशी नसतात आणि त्यांना कुणी विचारतही नाही. म्हणून मी त्यांच्याकडून तीन वाक्यांचा सराव करून घेते: काय बदललं, कधीपासून बदललं, आणि खाणं-पाणी-लघवी-शौच कसं झालं. सिस्टरांकडून दुसरा सराव: ओव्हर संपायच्या आत मावशींना हे विचारायचं आणि केसपेपरवर लिहायचं. डॉक्टरांना सांगते की ‘पेशंट कन्फ्यूज्ड’ एवढ्या शेऱ्यावर थांबू नका. ‘फोर-एटी’ नावाची चाचणी दोनेक मिनिटांत होते. सजगता, वय-जन्मतारीख-जागा-वर्ष हे चार प्रश्न, लक्ष किती टिकतं ते, आणि अचानक झालेला बदल, एवढंच त्यात पाहायचं असतं. चार किंवा जास्त गुण आले की डिलिरियम असण्याची शक्यता धरून कारण शोधायला लागायचं.

आता यातही आपल्या मातीच्या अडचणी आहेत. आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. कितीकांना ती ठाऊकच नाही. जिने शाळेचं तोंड पाहिलं नाही तिला ‘डिसेंबरपासून उलटे महिने सांगा’ म्हटलं तर ती गप्प बसणार, आणि आपण तिला डिलिरियम ठरवून मोकळे होणार. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बेतली, ती याच कारणाने. त्यामुळे गुणांच्या आधी घरच्या माणसाला एक प्रश्न विचारायचा: ‘हे नेहमीसारखेच आहेत, की दोन-चार दिवसांत वेगळे वाटतायत?’

वेदनेचंही तेच. कूस बदलताना बोचकारणारी आजी ‘मारकुटी’ ठरते. ‘पेनॅड’ नावाच्या मोजपट्टीत पाच गोष्टी पाहतात: श्वास, विव्हळणं, चेहरा, अंगाची हालचाल, आणि समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकी शून्य ते दोन, एकूण दहा. हे मोजायला पदवी लागत नाही. दातात पू झालेला, पाठीला जखम झालेली, हाड दुखावलेलं, असं कितीतरी काही या पाच खुणांनी आधी कळतं.

एक घास

व्याख्यान कितीही चांगलं दिलं तरी हात बदलत नाहीत. म्हणून वर्गात मी जोड्या लावते. एकाने खुर्चीत बसायचं, दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायचे. दुसऱ्याने उभ्याने, गप्प राहून, चमच्याने दहीभात भरवायचा, वॉर्डात घाईच्या वेळी भरवतात तसाच. दोन घास हसण्यात जातात. मग बसलेला माणूस तोंड फिरवू लागतो. चमचा वरून येतो, ओठाला लागेपर्यंत दिसत नाही. आधीचा घास गिळला नाही तोवर पुढचा समोर हजर. भरवणारा उभा असल्यामुळे मान आपोआप वर जाते, आणि वर मान करून गिळणं अवघड जातं, ठसक्याची भीती वाटते. इथे मी थांबवते आणि विचारते, ‘आता केसपेपरवर काय लिहाल?’ उत्तर ठरलेलं: ‘पेशंट जेवायला नकार देतो.’

मग दुसरी फेरी. भरवणाऱ्याने स्टुलावर बसायचं, डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर, थोडं बाजूला. ताटात काय आहे ते दाखवायचं, नाव घ्यायचं. चमचा आपल्या बोटांत धरायचा आणि तोच हात रुग्णाच्या हाताखाली, तळव्याला तळवा लावून ठेवायचा. हालचाल आपण करायची, पण घास त्याच्या हाताबरोबर त्याच्या तोंडात जातो. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट टीपा स्नो यांनी ही पद्धत रुजवली. जन्मभर जेवलेल्या हाताची सवय शब्द गेल्यानंतरही बराच काळ टिकते, त्या सवयीचा ही पद्धत आधार घेते. दात घासायला, तोंड धुवायला, केस विंचरायलाही तीच चालते. वर्गातले डॉक्टरही हे करतात. खांद्यावर स्टेथोस्कोप असलेल्या माणसाला मावशी भरवतायत आणि तो गिळू शकत नाही, हे पाहून सगळ्यांचाच विषयाकडे बघण्याचा ढंग बदलतो.

ताटाचीही गोष्ट आहे. स्टीलच्या चकचकीत ताटलीत पांढरा दहीभात, वर ट्यूबलाइटचा उजेड, आणि मेंदूची रंगछटा वेगळ्या करण्याची ताकद कमी झालेली. बोस्टनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये अल्झायमरच्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना लाल रंगाची ताटं आणि पेले देऊन पाहिले. अभ्यास छोटा होता. पण खाणं २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढल्याचं त्यात दिसलं. गडद लाल किंवा निळी ताटली कुठल्याही भांड्याच्या दुकानात मिळते.

हे बारकावे वाटतात, पण त्यावर मोठे निर्णय ठरतात. रुग्ण जेवत नाही म्हटलं की नाकातून नळी घालतात. नळी खुपते, रुग्ण ती उपसतो, मग हात बांधतात, मग तो ओरडतो, मग झोपेचं इंजेक्शन. पुढच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीपेक्षा सावकाश, काळजीपूर्वक हाताने भरवणं बरं, असा अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीचा सल्ला आहे. नळी घालायची की नाही हे डॉक्टर ठरवणार, पण न घालण्याचा मार्ग तेव्हाच उरतो जेव्हा वॉर्डात नीट भरवणारं कुणीतरी असतं.

बोलणं आणि गोळ्या

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे टॉम किटवूड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात डिमेन्शियाच्या माणसाला खच्ची करणाऱ्या सतरा वागणुकी नोंदवल्या आहेत: लहान मुलासारखं वागवणं, घाई करणं, त्याच्या समोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखं बोलणं, शिक्का मारणं, फसवणं. यात बहुतेकदा कुणाचा वाईट हेतू नसतो, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. आमच्या वॉर्डांत तर हे प्रेमानेच चालतं. ‘चला गं सोनू, शी करायची ना?’ ऐंशीच्या घरातल्या बाईंना. कॅन्सस विद्यापीठात ख्रिस्टिन विल्यम्स यांनी शुश्रूषागृहांतल्या संवादांचं चित्रण करून तपासलं, तेव्हा अशा लाडिक बोलण्याला रुग्णांकडून जास्त प्रतिकार होतो असं आढळलं.

एका वृद्धाश्रमात अंघोळीला रोज आरडाओरडा करणाऱ्या एक बाई होत्या. जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका. सगळे त्यांना ‘आजी’ म्हणायचे. लग्न न केलेल्या त्या बाईंना आजी कुणी म्हटलेलंच नव्हतं. वर्गातल्या एका मावशींनी दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून ‘बाई, येऊ का आत?’ असं विचारलं, टॉवेल आधी खांद्यावर दिला आणि पाणी पायांपासून सुरू केलं. ओरडणं पूर्ण थांबलं असं नाही, पण अंघोळ झाली. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी एक पानी तक्ता भरून घेते आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावते: काय नावाने हाक मारायची, काय काम केलं, चहा कसा, पूजा-नमाज-प्रार्थनेची वेळ, कुठल्या कुशीवर झोप, कशाची भीती. तो भरायला घरच्यांना दहा मिनिटं पुरतात.

कनिष्ठ डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी गोळ्यांचं सत्र वेगळं. मनोविकारावरची अँटिसायकोटिक औषधं डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढवतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. लुई बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने रुग्ण ताठरून जाऊ शकतो. खाज आली, सर्दी झाली म्हणून सहज लिहिलेलं अ‍ॅव्हिलसुद्धा म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकतं. ही औषधं कधीच द्यायची नाहीत असं नाही. पण आधी वेदना, लघवी, खडा, भूक, भीती ही यादी तपासायची, आणि ती तपासायला पुन्हा मावशींची माहिती लागते.

प्रशिक्षण टिकतं कशाने

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट मी वर्गात दाखवते. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे जात हरवतात आणि माहुताच्या बायकोकडे पोहोचतात. अमृता सुभाष यांनी साकारलेली ती बाई एका अक्षराचं प्रशिक्षण न घेता त्यांना लेकरासारखं सांभाळते. मग कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, माया असली की झालं ना, मग वर्ग कशाला?’ माझं उत्तर असं की तिच्याकडे एकच माणूस होता. तीस खाटा, दोन मावशी, पाळी संपायला आठ तास आणि महिन्याला हातात पडणारा तुटपुंजा पगार, या परिस्थितीत माया संध्याकाळपर्यंत पुरत नाही. थकलेल्या माणसाच्याही हातून बरं काम व्हावं म्हणून पद्धत शिकायची.

ती कशी शिकवावी यावर अभ्यास झालेत. इंग्लंडमध्ये क्लेअर सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अनेक प्रशिक्षणांचा आढावा घेतला. समोरासमोर शिकवलेलं, ज्याच्या-त्याच्या कामाला बेतलेलं, सराव करून घेणारं, एकूण किमान आठ तासांचं आणि दर सत्र दीड तासाच्या वर असलेलं प्रशिक्षण उपयोगी ठरतं, असा त्याचा निष्कर्ष. तिथल्या राष्ट्रीय आराखड्यात तीन पायऱ्या आहेत: सुरक्षारक्षकापासून रिसेप्शनपर्यंत सगळ्यांना किमान जाणीव, रुग्णाशी रोज संबंध येणाऱ्यांना कौशल्यं, आणि नेतृत्व करणाऱ्यांना सखोल ज्ञान. ‘व्हेल्ड’ या तिथल्याच चाचणीत ६९ शुश्रूषागृहांतल्या कर्मचाऱ्यांना व्यक्तिकेंद्री शुश्रूषा शिकवली, तेव्हा रुग्णांचं जगणं सुधारलं आणि अस्वस्थता कमी झाली.

आपल्या शेजारचं उदाहरण तर याहून जवळचं. गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांत केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी जाऊन मदत करणारे सल्लागार डॉक्टर किंवा नर्स नव्हते. स्थानिक भाषा येणारी, शक्यतो बारावी झालेली, वृद्धांबद्दल कळकळ असलेली साधी माणसं निवडून त्यांना शिकवलं आणि मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख ठेवली. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्या घरच्यांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचं दिसलं. मोठ्या इमारतींवाचून हे होतं, एवढं त्यावरून पुरेसं स्पष्ट आहे.

मग अडतं कुठे? बहुतेक ठिकाणी २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, एक तासाचं व्याख्यान होतं. स्लाइड इंग्रजीत. पहिल्या रांगेत डॉक्टर, मागे सिस्टर. मावशी चहा वाटायला. पुष्पगुच्छ, फोटो, प्रमाणपत्र. ब्युरोच्या बायका तर शिकून तयार झाल्या की दोन हजार जास्त देणाऱ्या दुसऱ्या ब्युरोत जातात, त्यात त्यांचा दोष नाही. आणि मावशी एकट्याच शिकल्या तरी निभत नाही. स्टुलावर बसून भरवणाऱ्या मावशींना ‘बसलात काय, पुढची खाट करा’ म्हणणाऱ्या इनचार्ज सिस्टर वर्गात नसतील तर शिकलेलं त्याच आठवड्यात पुसलं जातं. म्हणून संघ म्हणून एकत्र शिकायचं. मार खाल्लेल्या, थुंकी अंगावर घेतलेल्या कर्मचाऱ्याला बोलायला जागा आणि पाच मिनिटांची सुटका मिळणं हाही त्या शिक्षणाचाच भाग.

वाचकांना माझी विनंती. घरातल्या कुणाला वृद्धाश्रमात ठेवायची किंवा चोवीस तासांची बाई लावायची वेळ आली, तर भाडं आणि खोली पाहून झाल्यावर चार प्रश्न विचारा. रात्री किती रुग्णांमागे किती माणसं असतात? त्यांना डिमेन्शियाचं कुणी आणि किती तास शिकवलं? रुग्णाने अंघोळीला, जेवायला विरोध केला तर काय करता? हात बांधायची किंवा झोपेची गोळी द्यायची वेळ आली तर कुणाला विचारता आणि आम्हाला कळवता का? सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरी जागा पाहा.

आणि रुग्णालयं-वृद्धाश्रम चालवणाऱ्यांना एवढंच सांगते: येत्या २१ सप्टेंबरचे पुष्पगुच्छ रद्द करा, रात्रपाळीच्या माणसांना बदली द्या, त्यांना मराठीत, सरावासकट शिकवा, आणि तो वेळ ड्युटीत धरा.